तळाच्या माशांची भांडणं आणि टाकीतले धुरे

अंबाजोगाईच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे शोभेच्या माशांची तीन फुटी टाकी आहे. तीत आठ महिन्यांपासून एक रेड टेल शार्क आणि एक सकर होता. दिवाळीत त्यांनी दोन रेनबो शार्क, दोन योयो लोच आणि चार कॉरी असे तळाला राहणारे आणखी मासे आणून सोडले. तेव्हापासून रेड टेल तळाला कुणालाच टिकू देत नाही. एका रेनबोची शेपटी फाटली आहे आणि तो दिवसभर फिल्टरच्या मागे उभा असतो. कॉरी एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतात. दुकानदार म्हणाला, मोठी टाकी घ्या. लेक म्हणते, रेड टेललाच काढून टाका. सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवलाय.

सर, आधी थेट उत्तर देतो. दोन्ही रेनबो शार्क दुसऱ्या घरी द्या, ते आणि रेड टेल तुमच्या टाकीत एकत्र नांदणार नाहीत. रेड टेलला काढून टाकायची गरज नाही, पण त्याला पंधरा दिवस बाहेर ठेवावं लागेल आणि तेवढ्या दिवसांत टाकीचा तळ पार उलटापालटा करावा लागेल. मोठी टाकी घ्यायची की नाही हे त्यानंतर ठरवा. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो. कारण कळलं नाही तर तुम्ही दोन दगड इकडचे तिकडे कराल आणि महिन्याभरात तेच पुन्हा सुरू होईल.

तुमचा व्हिडिओ मी सात-आठ वेळा पाहिला. रेड टेल लाकडाखालून निघतो. उजवीकडे कॉरी दिसली की सुसाट जातो, पण मधल्या पांढऱ्या दगडापाशी पोचला की वळतो. दोन मिनिटांत तो कॉरीमागे चार वेळा निघाला आणि चारही वेळा त्याच दगडापासून मागे फिरला. कॉरी दगडापलीकडे होती तेव्हा त्याने फक्त अंग तिरकं केलं, पंख ताणून दाखवले आणि परत गेला. ती दगडाच्या अलीकडे आली तेव्हा मात्र तिच्या शेपटीला लागला. रेनबोच्या बाबतीत त्याने दगड मानला नाही, त्याला थेट फिल्टरपर्यंत पिटाळलं. या दोन मिनिटांत सगळं उत्तर आहे. तो पांढरा दगड म्हणजे त्याचा धुरा, शेताचा बांध.

आपल्याकडे धुऱ्यावरून भांडण म्हटलं की फोड करून सांगावं लागत नाही. शेत दोन एकर असो की वीस, कुरबूर होते ती धुऱ्यावर. एरवी शेजारी शेजाऱ्याच्या लग्नात वाढायला उभा असतो, पण पेरणीच्या वेळी नांगराचं एक तास आत आलं की कुऱ्हाडी निघतात. तळाच्या माशांचं असंच आहे. रेड टेल रागीट किंवा दुष्ट नाही. वरच्या पाण्यात फिरणाऱ्या माशांकडे तो ढुंकूनही बघत नाही, हे तुमच्या व्हिडिओतही दिसतं. त्याला राखायचा असतो तो जमिनीचा तुकडा. लपायची एक जागा, चरायचे दोन-तीन दगड आणि तिथवर पोचायच्या वाटा, एवढंच.

त्याच्या नावात शार्क असलं तरी तो आपल्या रोहूच्या कुळातला मासा आहे. पूर्वी त्याचं शास्त्रीय नाव लेबिओ बायकलर होतं आणि रोहूचं आजही लेबिओ रोहिता आहे. मूळ थायलंडचा. तिथल्या नद्यांमध्ये तो आता अतिसंकटग्रस्त आहे आणि आपल्या दुकानांत येतो तो शेततळ्यांत वाढवलेला. दगडांवरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरडून खाणं हा त्याचा स्वभाव. ज्याचं पोट ठरावीक दगडांवर चालतं, तो ते दगड राखणारच. दुकानात दीड इंचाचे वीस रेड टेल एकाच टाकीत गुण्यागोविंदाने राहताना दिसतात, म्हणून लोक फसतात. ती पोरं असतात. तीन-साडेतीन इंचांच्या पुढे गेला की त्याला स्वतःची जमीन हवी असते आणि मग तो आठ-दहा वर्षं तिथला पाटील असतो.

आता तुमच्या टाकीत काय झालं ते बघा. तो आठ महिने तिथे होता. सकर सोडला तर तळाला दुसरं कुणी नव्हतं, आणि सकर काचेवर चिकटलेला. म्हणजे तीन फुटांचा सगळा तळ त्याच्या नावावर झालेला. मग एका संध्याकाळी आठ पाहुणे एकदम आले. घरात आधीपासून असणाऱ्याचं पारडं जड असतं, हे प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्यांना फार पूर्वी कळलं होतं. निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक या छोट्या माशावर केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. एकाच टाकीत दोन नर, दोघांच्या हद्दी वेगळ्या. त्यांनी दोघांना दोन काचेच्या नळ्यांत घातलं आणि नळ्या शेजारी-शेजारी ठेवून टाकीत फिरवल्या. पहिल्याच्या हद्दीत नळ्या नेल्या की पहिला काचेतून दुसऱ्यावर तुटून पडायचा आणि दुसरा पळायला बघायचा. नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की नेमकं उलटं. मासे तेच, ताकद तीच, बदलली फक्त जागा. टिनबर्गन यांना १९७३ साली कोनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. तुमच्या रेड टेलला टाकीबाहेर ठेवून तळ बदलायला सांगतो त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. त्याच्या डोक्यातला सातबारा पुसायचा आहे.

मोठ्या टाकीबद्दल. दुकानदार खोटं सांगत नाही, पण तो लिटरमध्ये बोलतोय. तळाच्या माशाला लिटर कळत नाहीत, त्याला चौरस फूट कळतात. तुमची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण १२५ लिटर पाणी आणि तळ तीन चौरस फुटांचा. तेवढंच पाणी दीड फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत भरलं तर तळ साडेचार चौरस फुटांचा होतो. उंच टाकी दिवाणखान्यात शोभून दिसते म्हणून तीच खपते. उद्या तुम्ही दोन फूट उंचीची टाकी आणली तर पैसे जातील आणि तळ तेवढाच राहील. पुढेमागे घ्यायचीच झाली तर चार फूट लांब आणि किमान दीड फूट रुंद घ्या, उंची कमी असली तरी चालेल.

तळाची हद्द उघड्यावर बघायची असेल तर मे महिन्यात एखाद्या पाझर तलावावर जा. पाणी ओसरलेलं असतं आणि काठाच्या चिखलात थाळ्यांसारखे गोल खड्डे एकाशेजारी एक दिसतात. ते चिलापीच्या नरांनी केलेले. चिलापी मूळ आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली गेली आणि आपल्या तळ्यांत बस्तान मांडून बसली. नर तोंडाने माती उकरून खड्डा करतो आणि तो राखतो. मादी येते, अंडी घालते, अंडी तोंडात घेऊन निघून जाते. नर तिथेच. मी लहानपणी काठावर बसून हे बघायचो. दोन शेजारी नर मधल्या कडेवर समोरासमोर येतात, तोंडं उघडतात, आणि बहुतेक वेळा एकमेकांना न चावता परत फिरतात. धुरा ठरलेला असतो तोवर मार कमी बसतो. मार बसतो तो धुरा ठरायचा असतो तेव्हा, किंवा हरणाऱ्याला पळायला जागा नसते तेव्हा. तळ्यात हरलेला मासा वीस फूट लांब जातो. तुमच्या टाकीत तो फिल्टरच्या मागे जातो आणि तिथून पुढे काच आहे.

या विषयात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते २०१६ च्या उन्हाळ्याने. माझं काम लातूरला. त्या वर्षी शहरात पाणी नव्हतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. प्यायला पाणी नाही तिथे माशांच्या टाक्या कशा भरणार? मी सात टाक्यांपैकी पाच बंद केल्या आणि तळाचे सगळे मासे एका चार फुटी टाकीत घातले. तीन रेड टेल, पाच रेनबो, लोच, दोन सकर. दुसरा इलाजच नव्हता. सकाळी मेलेले मासे उचलायची मनाची तयारी ठेवली होती. पण मारामारी झालीच नाही. पाणी खराब होऊन काही मासे गेले, त्याची खंत आजही आहे, पण पाठलाग होऊन मेलेला एकही नाही. पावसाळ्यात पाणी आलं, मी अर्धे मासे दुसऱ्या टाक्यांत हलवले, आणि तिसऱ्या दिवशी मागे राहिलेल्या दोन रेड टेलनी एका रेनबोचा जीव घेतला.

जागा वाढली आणि भांडण सुरू झालं, हे मला कितीतरी दिवस कोडं होतं. मग जपानच्या आयू माशाबद्दल वाचलं. तो नदीतल्या दगडांवरचं शेवाळ खातो आणि साधारण एक चौरस मीटरचा तुकडा राखतो. पण नदीत आयूंची गर्दी झाली की राखणं सोडून देतो आणि थव्याने फिरतो. शंभर जण चरायला आले तर किती जणांना हाकलणार? हाकलण्यात जेवढी ताकद जाते तेवढं पोटात पडत नाही. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक जेरॅम ब्राउन यांनी १९६४ साली हाच हिशेब मांडला होता: राखणं परवडतं तोवरच प्राणी जागा राखतो. माझी टाकी भरलेली होती तेव्हा राखणं कुणालाच परवडत नव्हतं. ती विरळ झाली आणि परवडायला लागलं. मात्र यावरून टाकी गच्च भरा असा अर्थ काढू नका. गर्दीत अमोनिया वाढतो, आपल्या उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायूही कमी असतो, आणि अशी टाकी एका भारनियमनात संपते. अर्थ एवढाच की दोन-तीन सारखे मासे ही सगळ्यात वाईट संख्या आहे. एक ठेवा, नाहीतर पुष्कळ. पुष्कळ ठेवायला तुमच्याकडे तळ नाही.

म्हणून रेनबो जायला हवेत. ते रेड टेलचे चुलत भाऊ. तीच अंगलट, तेच शेवाळ, तीच लपायची जागा. हद्द राखणारा मासा आपल्यासारख्या दिसणाऱ्याला सगळ्यात आधी झोडतो, कारण खरा वाटेकरी तोच असतो. जखमी रेनबो मात्र आजच्या आज कुणाला देऊ नका. रेड टेल बाहेर गेला की त्याची शेपटी आठ-दहा दिवसांत भरायला लागेल, मग द्या. औषध ओतायची घाई नको. एक दिवसाआड थोडं पाणी बदला, आणि फाटलेल्या कडेवर कापसासारखं पांढरं दिसलं तरच औषधाचं बघू.

योयो लोचबद्दल मला वाईट वाटतं, पण तेही तुमच्या टाकीत बसत नाहीत. हा कळपाचा मासा. दोनच ठेवले की एक मालक होतो आणि दुसरा आयुष्यभर मार खातो. पाच-सहा असले की रुसवेफुगवे वाटले जातात. पण पाच योयो वीतभर वाढल्यावर तीन चौरस फुटांत काय करणार? तुम्ही लिहिलंय की एक लोच अधूनमधून फिक्का पडतो, काही रोग आहे का. रोग नाही. लोच आपसात जोर आजमावताना दोघांचेही रंग उतरतात, पट्टे धुऊन निघाल्यासारखे होतात, आणि अर्ध्या तासात परत येतात. यावर औषधं ओतून लोच मारलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे खवले अगदी बारीक असल्याने औषध त्यांना लवकर बाधतं. आणि त्यांना जाळीने धरू नका. डोळ्याखाली घडीच्या चाकूसारखा काटा असतो, घाबरले की तो उघडतात आणि जाळीत अडकतात. मोठ्या प्लॅस्टिकच्या बरणीत हळूच वळवून घ्या.

सकरचं थोडक्यात सांगतो. काच साफ करणारा म्हणून विकतात, पण तो फुटाच्याही वर जातो. आज काचेवर आहे, वर्षभराने लाकडाखालच्या जागेवर हक्क सांगेल. त्याला घर शोधायला आत्तापासून लागा. काहीही झालं तरी त्याला मांजरा धरणात किंवा गावतळ्यात सोडू नका. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, त्यांच्या जाळ्यांचं या माशाने काय केलंय ते.

कॉरी राहू देत, उलट चाराच्या सहा करा. कॉरी जमीन राखत नाही, सगळ्या मिळून वाळू हुंगत फिरतात. म्हणूनच त्या कोपऱ्यात गोळा झालेल्या बघून मला जास्त काळजी वाटली. कॉरी अधूनमधून वर जाऊन हवेचा घोट घेते, आतड्यातून श्वास घेण्याची सोय तिच्यात आहे. दबलेली कॉरी वर जायलाही कचरते.

आता कामाचं. रेड टेलसाठी चाळीस-पन्नास लिटरचा टब घ्या, टाकीतलंच पाणी भरा आणि फिल्टरचा जुना स्पंज त्यात लावा, नव्या स्पंजात पाणी निवळवणारे जिवाणू नसतात. अंबाजोगाईची हिवाळ्यातली रात्र गार असते आणि थोडं पाणी लवकर थंड होतं, म्हणून हीटर २५ अंशांवर ठेवा. टबवर जाळी बांधाच. हा मासा उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

मग टाकीचा तळ. सगळे दगड, लाकूड, कुंड्या बाहेर काढा. तो पांढरा दगड आधी. त्यावर लिंबू पिळा, बारीक फेस आला तर चुनखडीचा आहे आणि पाणी आणखी जड करतोय. आपल्या बोअरचं पाणी आधीच जड, त्यात शहाबादी किंवा कडप्प्याचे तुकडे टाकून भर घालू नका. आपला काळा दगड उत्तम. धार नसलेले, मुठीपासून नारळाएवढे गोटे आणा, घासून उकळत्या पाण्याने धुवा.

मांडणी करताना एकच कसोटी लावा. जमिनीवर बसा, डोळा तळाच्या काचेला लावा आणि एका टोकाकडून दुसरीकडे बघा. पलीकडची काच दिसली तर रेड टेललाही दिसणार, आणि दिसलं की तो जाणार. मध्ये दोन ठिकाणी लाकूड, दगड, झाडं अशी आडवी रचा की सरळ नजर कुठेच पोचू नये. तीन फुटांत तीन खोल्या झाल्यासारख्या वाटल्या पाहिजेत. तुम्ही विचारलं होतं की आणखी गुहा ठेवल्या तर भागेल का. गुहा हव्यातच, माशांपेक्षा दोन-तीन जास्त, पण प्रत्येकीला दोन तोंडं हवीत. एका तोंडाची गुहा म्हणजे पिंजरा, आत शिरलेला मासा तिथेच मार खातो. दोन इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे, कडा कानशीने घासून, वर वाळू-दगड टाकून झाकलेले, यापेक्षा स्वस्त आणि चांगलं काही नाही. तळ फोडलेली मातीची कुंडी आडवी घातली तरी चालते, रंगवलेली नको. मागच्या आणि बाजूच्या काचांवर बाहेरून कागद लावताना आत प्रतिबिंब पडत नाही ना ते रात्री तपासा. स्वतःच्याच सावलीशी भांडून दमलेले रेड टेल मी बघितले आहेत.

खाद्याचीही जागा बदला. तुम्ही रोज उजव्या कोपऱ्यात टाकता, म्हणजे तिथे राखण्यासारखं काहीतरी तुम्हीच तयार करता. बुडणारे दाणे दोन्ही टोकांना आणि मध्ये विखरून टाका, त्यातले निम्मे दिवे मालवल्यावर.

पंधरा दिवसांत कॉरी नव्या तळाला सरावतील. मग रेड टेल सोडायचा, संध्याकाळी, टाकीचे दिवे बंद करून, त्याचं नेहमीचं लाकूड जिथे होतं त्याच्या विरुद्ध टोकाला. या वेळी तो नवखा असेल आणि कॉरी घरच्या. त्याआधी वरच्या पाण्यासाठी सात-आठ झेब्रा डॅनिओ आणले तर बरं, वर हालचाल दिसली की तळाचे मासे निर्धास्त फिरतात. बऱ्याच घरी एवढ्यावर जमतं, काही घरी नाही. तीन आठवडे बघा. हद्द राखणं बंद होणार नाही, तो एक कोपरा धरेल आणि तिथून हाकलेल, ते चालू द्या. पण कॉरींच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसल्या किंवा त्या वर जाईनाशा झाल्या, तर कॉरी दुसऱ्या टाकीत हलवा आणि ही टाकी त्याची एकट्याची समजा.

सोडल्यावरच्या पहिल्या तासाचा व्हिडिओ मात्र घ्या आणि मला पाठवा. कॅमेरा तळाच्या उंचीवर ठेवा. तो कुठून कुठवर जातो आणि कोणत्या दगडापासून मागे वळतो, ते मला बघायचंय.